आज काय गावला?

वेबसाईट काढली की गिऱ्हाईक आपोआप येतं, असं मला ज्याने कुणी सांगितलं त्याचं तोंड आता आठवत नाही. आठवत असतं तर त्याला आणून आमच्या पडवीत बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बस बाबा इथे, येतील त्यांचं स्वागत कर. पहिले दोन महिने आमच्या वेबसाईटवर आलेली माणसं म्हणजे मी, आमचे हे, आणि ती वेबसाईट बनवणारी माझी भाची. त्यातही ह्यांना मी चहाच्या बोलीवर उघडायला लावायचे.

मी एवढी चिडायचे त्याला कारण होतं. वेबसाईट चालली नसती तर माझी थोरली जाऊ मला सोडून मुंबईला गेली असती.

आम्ही तोंडवलीला राहतो. घर सुरूच्या बनाला लागून आहे. समुद्र दिसत नाही, पण दिवसभर ऐकू येतो. घराची दोन अंगं, एकात आम्ही, दुसऱ्यात जाऊबाई, आणि मधली पडवी दोघींची. माझं माहेर सावंतवाडीचं, नोकरी झाली मालवणात पतपेढीच्या टेबलामागे, त्यामुळे माझं बोलणं जरा पुस्तकी. जाऊबाई त्याला ‘हापिसातली भास’ म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा बांगडा साफ करता येत नव्हता. तो त्यांनी मला शिकवला आणि शिकवताना पोटभर चिडवलं. माझ्या आजारपणांत, बाळंतपणात त्यांनी काय काय केलं ते सांगत बसले तर हे लिखाण संपायचं नाही. एवढंच सांगते की भिंतीपलीकडे त्यांच्या भांड्यांचा आवाज झाल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही.

थोरले दीर गेल्यापासून त्या त्यांच्या अंगात एकट्याच. मुलगा एक, तो मुंबईला. भांडुपला एका खोलीत राहतो, गोदामात कामाला जातो, खानावळीचं खातो, लग्न अजून व्हायचंय. गेल्या पावसाळ्यात जाऊबाईंना ताप आला आणि त्यांनी तो कुणालाही कळू दिला नाही. मला शंका येऊ नये म्हणून अंगात ताप घेऊन त्या रोज सकाळी नेमाने भांडी वाजवत राहिल्या. शेवटी चुलीपाशी चक्कर येऊन बसल्या तेव्हा मला कळलं. मुलाला कळलं तसा तो मिळेल त्या गाडीने आला आणि पडवीत बसून म्हणाला, “पुरे झाला आये. आता तू माझ्यावांगडा मुंबयक चल.”

“थय येवन मी काय करू? खोलयेत बसान भितींकडे बघत रवू?”

“आणि हय एकटी पडलंस तर?”

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर अडचण होती. वाईट कुणी असता तर मी भांडून मोकळी झाले असते. त्या बैठकीत मीच तोंड घातलं. म्हटलं, त्यांच्या अंगातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ. घरात माणसं राहतील, त्यांच्या हाताला काम राहील, तुझ्या जिवाला घोर राहणार नाही. पुतण्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, “मे म्हयन्यापर्यंत बघूया काकी. धंदो चललो तर बरा. नाय चललो तर मिरगाच्या आदी आये माझ्यावांगडा येतली.” जाऊबाईंनी मान डोलावली. शब्द दिला की त्या मोडत नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणूनच मला धास्ती वाटली.

सावंतवाडीची माझी भाची दुकानदारांच्या वेबसाईट बनवते. लाकडी खेळणी विकणाऱ्यांपासून कापडवाल्यांपर्यंत तिची गिऱ्हाइकं. तिने आमचीही बनवली. वर समुद्राचा मोठा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरात, ‘येवा, कोकण आपलोच आसा’. मी जाऊबाईंना मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “आपलोच आसा तर मगे पैशे कित्याक घेतास?” भाची हसून लोळली. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

पर्यटक येईना. भाची समजावून सांगायची की आत्या, लोक मोबाईलवर ‘तारकर्ली’ असं लिहून शोधतात, त्यात आपलं गाव फार खाली येतं, तिथपर्यंत कुणाचं बोट जात नाही. मी म्हटलं, मग वर यायला काय करावं लागतं? तिने बरंच काही सांगितलं. फोटोंना नावं द्या, ओळखीच्या लोकांना अभिप्राय लिहायला सांगा, दुसऱ्यांच्या वेबसाईटवर आपला पत्ता जाऊ द्या. मी सगळं केलं. नातेवाइकांना फोन करून वेबसाईट उघडायला लावली. त्यांनी उघडली, ‘छान आहे’ म्हणाले आणि मिटली. एका सोमवारी मी कुणकेश्वरला जाऊन देवळाबाहेर कार्डं वाटली. भाविक हात पुढे करून घेत होते, मला धन्य वाटत होतं. परत निघाले तर पायरीवर एक बाई आमच्या कार्डावर प्रसादाचं खोबरं ठेवून नातवाला भरवत होती. म्हटलं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

भाचीचे उपाय थकले तसं आमच्या ह्यांनी सुचवलं, देवाला सांगून बघू. आमच्याकडे कुठलंही काम अडलं की देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावचे मानकरी देवाला मोठ्याने सगळी हकिगत सांगतात आणि जमलेले लोक दर वाक्याला होकार भरतात. मानकरी उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंनी जो काय खोलयांचो धंदो मांडलो हा, तेका बरकत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग त्यांनी मागे वळून हळूच मला विचारलं, “काय गो ता? काय म्हणतत तेका?” मी म्हटलं, “वेबसाईट.” ते पुन्हा देवाकडे वळले.

“तर देवा म्हाराजा, जो कोण पावणो वाट चुकान दुसऱ्याच्या वेबसायटीर जाता हा, तेका फिरव आणि ह्यांच्या वेबसायटीर आणून सोड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांनी एवढ्या जोरात हाळी दिली की मला वाटलं, आता देवाचाही नाइलाज आहे.

देवाने पाठवलंही. पुण्याचं एक जोडपं तारकर्लीला निघालं होतं, ते खरोखरच वाट चुकून आमच्या दारात आलं. रात्र झालेली म्हणून राहिलं. जाऊबाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं. सकाळी निघताना मी विचारलं, आमची वेबसाईट पाहिली होती का तुम्ही? ती मुलगी म्हणाली, “अय्या, तुमची वेबसाईट आहे?”

डिसेंबर असाच गेला. तारकर्ली-देवबागेत गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती आणि आमच्या खोल्यांतल्या गाद्या जाऊबाई रोज झटकून परत घालत होत्या. त्या काही बोलत नसत. तेच मला सहन होत नसे. भाचीला फोन करून मी तिच्यावर आवाज चढवला. ती बिचारी म्हणाली, “आत्या, साईटवर रोज काहीतरी ताजं यायला हवं. महिनोन्‌महिने एकच मजकूर असला की शोधणारी यंत्रं ती साईट बंद पडलेली धरतात. मी एक मजकूर पाठवते, तो टाक.”

तो मजकूर आला तेव्हा जाऊबाई पडवीत बसून मासे साफ करत होत्या. मी वाचून दाखवू लागले, “निसर्गाच्या कुशीत विसावलेल्या आमच्या निवासात...”

“कोणाच्या कुशीत?”

“निसर्गाच्या.”

“असां काय लिवतत? ह्या वाचून कोण जेवतलो?” त्यांनी हातातला बांगडा खाली ठेवला. “ताजा लिवचा म्हणतत मा? मगे आज काय गावला ता लिव. माणसाक सकाळी उठल्यार दुसरा काय व्हया?”

आमच्या किनाऱ्यावर कुणी कुणाला भेटलं की ‘कसे आहात’ नंतर. आधी ‘आज काय गावला?’, म्हणजे जाळ्यात काय सापडलं. रापणीचं लांब जाळं किनाऱ्यावर ओढून झालं, टोपल्या वर आल्या की हा एकच प्रश्न गावभर फिरतो आणि त्याच्या उत्तरावर घराघरातलं दुपारचं हवामान ठरतं. जाऊबाई रोज सकाळी रापणीवर जातात. हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, तो घेऊन येतात. त्यामुळे त्यांच्याकडे उत्तर कायम ताजं असतं.

खरं सांगायचं तर मी ते भाचीवरच्या रागाने टाकलं. निसर्गाची कूस पुसली आणि जाऊबाई म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं: ‘आज रापणीक बांगडे गावले. मोठे नाय. तिखला केलंय.’ म्हटलं, बघू दे जगाला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच पडवीत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, लिव. ‘आज दर्या खवळलोलो. काय गावाक नाय. कुळथाची पिठी आणि भात.’ सगळा गाव त्यांना वयनी म्हणतो, तशी मीही. मी म्हटलं, वहिनी, धंद्याच्या ठिकाणी काही मिळालं नाही असं लिहायचं नसतं. त्या म्हणाल्या, “गावाक नाय तर नाय. खोटा लिवन पावणो इलो तर तेच्या ताटात काय वाढू, वेबसाईट?” तिसऱ्या दिवशी लिहिलं, ‘सुंगटां गावली, पण माझ्या वाट्याक इली नाय. शेजारणीन घेतल्यान. खाऊंदे.’ त्या शेजारणीच्या मुलीने ते वाचलं आणि संध्याकाळी वाटीभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, घरी आली. वेबसाईटचा तो आम्हाला झालेला पहिला फायदा.

हळूहळू भाचीचे फोन यायला लागले. आत्या, माणसं वाढतायत. आत्या, काल पुष्कळ जण आले. आत्या, दुपारी एकच्या सुमाराला एकदम गर्दी होते, काय टाकतेस तू त्या वेळेला? मी काही टाकत नव्हते, ओळ सकाळीच जायची. पण मला हर्ष झाला. जाऊबाईंनी चादरी धुतल्या, उशांना नवे अभ्रे शिवले, दाराबाहेर पाय धुवायला पाण्याचं पिंप भरून ठेवलं. आमच्या ह्यांनी मागच्या अंगणातलं गवत काढलं, हे तर मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

आणि खोल्या रिकाम्याच राहिल्या. माणसं येत होती, वाचत होती, जात होती. एके दिवशी फोन वाजला. मुंबईहून कुणी माणूस बोलत होता. “वयनी आसा काय गो? माका खरा सांग, पेडवे गावले काय आज?”

मी माझ्या पतपेढीच्या आवाजात विचारलं, “हो. आपल्याला किती जणांसाठी खोली हवी?”

“खोली?” तो गोंधळला. “गो काकी, वळाकलंस नाय? तुमच्या मागल्या दारात कुलूप घातलेला घर आसा, ता माझाच मा!”

त्यानंतर असे बरेच फोन आले. एकालाही खोली नको होती. कुणाला तारलीचा भाव विचारायचा होता, कुणाला पिठीत लसूण आधी की नंतर ते. मी भाचीला म्हटलं, जरा बघ गं, ही सगळी माणसं येतात कुठून. तिने काय ते उघडून पाहिलं आणि म्हणाली, “आत्या, भांडुप, लालबाग, डोंबिवली, नालासोपारा. थोडे आखातातले. पर्यटक म्हणावा असा एकही दिसत नाही.”

म्हणजे सगळे चाकरमानी. आमच्याच गावाहून नोकरीसाठी बाहेर गेलेली माणसं. गणपतीला आणि मे महिन्यात येतात, आपापल्या घराचं कुलूप काढतात आणि आपापल्या घरात राहतात. त्यांना आमची खोली कशाला हवी? साऱ्या जगातला पर्यटक यावा म्हणून आम्ही जाळं टाकलं आणि त्यात आमचाच गाव सापडला. असली चूक करायला आमच्याच गावची माणसं हवीत, दुसऱ्या कुणाला ती जमणार नाही.

माझं डोकं फिरलं. शिमगा होऊन गेला होता, मे महिना दाराशी आला होता, आणि ही सगळी मंडळी फुकटात जेवणाचा वास घेऊन जात होती. मी त्या दिवशी ओळ लिहिलीच नाही. जाऊबाईंना म्हटलं, “झालं तेवढं पुरे. आता भाचीचा मजकूर टाकते. असल्या वाचणाऱ्यांनी पोट भरत नाही.” त्या म्हणाल्या, “बरा.” दुसऱ्या दिवशी सकाळी रापणीवरून येऊन त्या सवयीने पडवीत उभ्या राहिल्या, ‘आज सौंदाळे’ एवढं म्हणाल्या, मग आठवलं तशा आत गेल्या. मला वाईट वाटलं. पण मी हट्टी आहे, मोबाईल हातात घेतला नाही.

दोन-तीन दिवस असेच गेले आणि फोन सुरू झाले. डोंबिवलीची एक बाई, जिला मी लग्नानंतर पाहिलंही नव्हतं, तिने पहिलाच प्रश्न केला, “वयनी बरी आसा मा?” आखातातून एक जण म्हणाला, “काकी, आमी सगळे घाबारलेले आसोव, काय झाला ता सांग.” मी प्रत्येकाला सांगत होते की काही झालेलं नाही, त्या ठणठणीत आहेत. मनातून वरमले होते, तरी आवाज तसाच ठेवला होता.

मग भर दुपारी पुतण्याचा फोन आला. तो नेहमी रविवारी फोन करायचा, तोही बेताचं बोलणारा. जेवलंस, औषध घेतलंस, ठेवतंय. आज त्याचा आवाज चढलेला होता.

“काकी, खरा सांग. आयेक काय झाला?”

“काही नाही रे. पडवीत तांदूळ निवडतायत.”

“मगे लिवणा कित्याक बंद झाला?”

मला क्षणभर कळेना. “तू वाचतोस?”

 पाठीमागे गोदामात कुणीतरी डब्यांची झाकणं उघडत होतं. “रोज,” तो म्हणाला. “डबो उघडूच्या आदी वाचतंय. डब्यात काय आसा ता दिसू नये म्हणान.”

आपल्या आईच्या धंद्याला मे महिन्याची मुदत घालणारा हा मुलगा, तो रोज दुपारी खानावळीची भाजी समोर ठेवून आईने काय शिजवलं ते वाचत होता. आणि आम्ही भाचीकडून त्या दुपारच्या गर्दीचं ऐकून खूश होत होतो.  मी म्हटलं, आज लिहिते रे, आत्ता लिहिते.

जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचे हात तांदळात तसेच थांबले. “माका कधी सांगल्यान नाय,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं, “लिव. मी बरी आसंय. लिवणारी रागावली होती.” मी म्हटलं, हे कशाला? “खरा ता लिवचा,” त्या म्हणाल्या. लिहिलं. माझी आखातापर्यंत अब्रू गेली ती अशी.

त्या दिवसापासून त्यांची ओळ जराशी बदलली. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल, मला कळत होतं. ‘आज पेडवे. कांटे बारीक आसतत, सावकाश खावचे.’ ‘उन वाडला हा. कोकमाचा पाणी प्या, भायरचा सरबत नको.’ सगळ्या मुंबईला सांगितल्यासारखं करून त्या एकालाच सांगत होत्या.

एप्रिलात एक गंमत झाली. खोलीसाठी पहिला खराखुरा फोन ठाण्याहून आला. त्या गृहस्थाच्या शेजारच्या टेबलावर आमच्या गावचा एक चाकरमानी बसायचा आणि रोज दुपारी मोठ्याने आमची ओळ वाचायचा. “इतके महिने ऐकून ऐकून आता मला ते खायचंच आहे,” गृहस्थ म्हणाले. ते सहकुटुंब आले. मग कुणा बँकेतल्या तिघीजणी आल्या, मग एका चाळीतलं नवराबायकोचं जोडपं. सगळ्यांना आमच्याच कुणीतरी पाठवलेलं. ज्यांना खोली नको होती त्यांनीच खोलीला माणसं दिली. एक बाई तर आल्या आल्या म्हणाली, मासे नंतर, आधी ती पिठी. जाऊबाईंना त्या बाईचं काय करू नि काय नको असं झालं.

पण म्हणून धंदा जोरात चालला असं मी म्हणणार नाही. कधी दोन्ही खोल्या भरलेल्या, तर कधी आठवडाभर गाद्यांवर मांजर झोपलेलं.

मे संपत आला तसा पुतण्या आला. वाळला होता. दोन दिवस त्याने आईच्या हातचं नुसतं खाल्लं आणि झोपला. मग एका सकाळी पडवीत बसून म्हणाला, “काकी, बरा चलला हा. पण भरवशाचा नाय. पावसात कोण येतलो? पावसातच माका भीती.” त्याने खोलीत आईसाठी खाट घेतली होती. खिडकीपाशी लावली होती, वारा यावा म्हणून. मसाल्याच्या बरण्यांना फळी मारली होती. मोबाईलवर फोटो दाखवत होता. एकट्या मुलाची खोली, त्यात ती नवी खाट आणि तिच्यावर घडीदेखील न मोडलेली चादर. मी भांडायचं ठरवून बसले होते, ते तिथेच राहिलं.

जाऊबाईंनी फोटो नीट पाहिला. “बरी आसा खाट,” म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी शब्द दिला होता. संध्याकाळी त्यांनी आपली पत्र्याची पेटी बांधली.

निघायच्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या रापणीवर गेल्या. परत आल्या, टोपली ठेवली, पडवीत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “लिव.”

“मी नाही लिहिणार,” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. “तुमचं तुम्ही बघा.”

त्या मुलाकडे वळल्या. “मगे तू लिव रे.”

त्याने माझ्या हातातून मोबाईल घेतला. त्या सांगू लागल्या, “आज तारली गावली. फाल्यापासना लिवचंय नाय. मी झिलाकडे जातंय. सगळ्यांनी बरे रवा.”

त्याने पहिलं वाक्य लिहिलं आणि उद्यापासूनच्या वाक्याशी अंगठा थांबला.

“फुडे लिव.”

तो मोबाईलकडे बघत बसला. मग आईकडे न बघता म्हणाला, “आये, फाल्या दुपारी मी काय वाचू?”

“वाचूचा कित्याक? मी थयच आसतलंय मा. डबो मीच देतलंय.”

“आणि तू? तू सकाळी उठान काय सांगतलंस? भांडुपात काय गावता?”

 आयुष्यात पहिल्यांदाच मी जाऊबाईंना त्या प्रश्नावर गप्प झालेलं पाहिलं. टोपलीत तारली तशीच पडलेली. आतून आमचे हे एसटीची वेळ झाल्याचं ओरडून सांगत होते, त्यांना कुणी ओ दिली नाही.

त्याने मान खाली घातली आणि कुणी सांगितल्याशिवाय लिहायला लागला. त्याचा अंगठा हळू चालत होता. लिहून झाल्यावर त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. “बघ काकी, बरोबर आसा काय.”

मी मोठ्याने वाचलं. ‘आज तारली गावली. आये हयच रवतली. झील एकटोच मुंबयक जाता हा.’

जाऊबाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्या मुलाच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तो लहान असताना फिरवायच्या तसा. हात न काढता म्हणाल्या, “‘एकटोच’ काड रे त्यातला. लोकांका वायट वाटतला.”

“रवांदे आये,” तो म्हणाला. “आसा ता आसा.”

मी ती ओळ तशीच टाकली.